डाव्या पायाला काम नाही

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मला गाडी शिकावी लागली, तीही पोटच्या पोरीकडून. ज्याने चौतीस वर्षं रावेरकडची केळी भरून दिल्लीपर्यंत ट्रक नेला, त्याला धुळ्यात, घराजवळच्या देवपूरच्या मैदानात त्याची मास्तरीण लेक सांगते, "आबा, आधी ब्रेकवर पाय ठेवा, मग गिअरची दांडी हलवा." राग माझ्या नाकावर कायमच असतो. त्या सकाळी तो नाकावर मावत नव्हता.

केळीच्या ट्रकवाल्यांबद्दल लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. पळवतात, दामटतात, कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. खरंच आहे ते. माल पिकायच्या आत पोचवायचा असतो, तिथे सावकाशीचं कौतुक कोणाला? पण एवढ्या वर्षांत मी ना कोणाला उडवलं ना गाडी पलटी केली. समोर काही आडवं आलं की माझे दोन्ही पाय एकदम खाली जायचे, डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. डोक्याला विचारायची गरजच नसायची. डावी पोटरी अजून उजवीपेक्षा जाड आहे माझी.

गाडी शिकायची वेळ आली ती बायकोच्या पाठीमुळे. तिला छातीचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, तीन वर्षं चांगली गेली, मग पाठ धरली. आम्ही म्हटलं, बादली उचलताना लचक भरली असेल. तेल लावलं, विटेने शेकलं, दोन महिने असेच फुकट घालवले. शेवटी जळगावच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. रोग कण्यात उतरला होता आणि एक मणका आतून पोखरला होता. डॉक्टर तरुण होते, पण बोलण्यात आडपडदा नव्हता. म्हणाले, "बरं करणं आता हातात नाही. पाय वाचवणं हातात आहे. दहा दिवस मशीनवर किरणांचा शेक देऊ. तोवर मणका बसता कामा नये. बसला की पाय गेले. खड्डा नको, झटका नको."

बाहेर बाकावर बसल्यावर बायको म्हणाली, "मरनं तं शेच. पण संडासले मना पायवर जाऊ द्या. तेवढं एक करा."

तिने पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. मी महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. पोरगी वाढवली तिने, घर बांधून घेतलं तिने, माझ्या आईचं दुखणं काढलं तिने. मी यायचो, झोपायचो, जेवणात खोडी काढायचो आणि जायचो. तेव्हा मनात म्हटलं, हे एवढं काम तरी आपल्याला जमलं पाहिजे.

जळगावातच राहायला हवं होतं, हे कोणीही सांगेल. मुलगी आणि जावई तिथल्याच मेहरूणला राहतात, पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. रोज जिने चढवणं म्हणजे मणक्याशी वैर. भाड्याने खोली बघतो म्हणालो तर बायकोने साफ नाही सांगितलं. तिला आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर झोपायचं होतं. पहिल्या दिवशी अँब्युलन्स केली. आतलं स्ट्रेचर खडखडत होतं आणि चालवणाऱ्याला कशाची घाई होती देव जाणे. धुळ्याहून जळगावला पोचेपर्यंत बायकोने पदर चावून चावून त्याचा चोळामोळा केला होता. मी उतरून त्या माणसाच्या अंगावर धावून गेलो. जावयाने मला मागे ओढलं.

त्याच संध्याकाळी मुलगी म्हणाली, "माझी गाडी घेऊन जा, आबा. ऑटोमॅटिक आहे. क्लचची भानगड नाही. आईला पुढच्या सीटवर आडवं करता येतं. शाळेमुळे मला रोज येता येणार नाही, पण तुम्ही चालवू शकाल."

मी म्हटलं, "ती काय गाडी आहे? शिलाई मशीन आहे ते."

"मशीन असो की काही असो, तुम्हाला शिकावी लागेल," ती म्हणाली.

तर ते मैदान. रविवार होता, म्हणून शेकाला सुट्टी होती. मुलगी शेजारी बसली. ती लहान असताना ट्रकच्या स्टिअरिंगला हात लावायची तर मी हातावर फटका द्यायचो. तिला मी काही शिकवलं नाही. आता ती मला शिकवत होती, आणि बरोबर शिकवत होती हे सगळ्यात जास्त झोंबत होतं.

म्हणाली, "ब्रेक हळू सोडा. ही आपली आपणच सरकते, पुढे ढकलायला जाऊ नका. थांबताना शेवटच्या हातभर अंतरात ब्रेक जरासा सैल करा, म्हणजे नाक आपटत नाही. स्पीडब्रेकरच्या आधी ब्रेक दाबा, वर चढताना दाबू नका. उतारावर न्यूट्रल करायची तुमची ती डिझेल वाचवायची सवय विसरा. आणि गिअर ती स्वतः टाकते. तुम्ही ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरलात तर त्या वेळी बसलेल्याची मान हलते. गिअर पडायच्या जरा आधी पाय उचला."

"पडणार ते कळायचं कसं?"

"सवयीने."

सवय कशाला हवी? मला आवाजावरून कळत होतं. इंजिन किती ताणलं की ते पुढचा गिअर मागतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. दोन फेऱ्यांत मी असा पाय उचलायला लागलो की गिअर पडलेला पोरीलाही कळेना. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, आता काय बघतेस, बाप आहे तुझा.

आणि तेवढ्यात मैदानात एक कुत्रं आडवं आलं. माझे दोन्ही पाय खाली गेले. उजवा ब्रेकवर होताच, आणि डावा, जो चौतीस वर्षं क्लच जमिनीला टेकवत आला होता, तोही त्याच ब्रेकवर सगळ्या ताकदीने येऊन पडला. गाडी जागच्या जागी खिळली. पोरगी पट्ट्यामुळे वाचली, नाहीतर कपाळ काचेवर गेलं असतं.

मला वाटलं, आता ओरडेल. ती ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "आबा, उद्या इथे आई बसणार आहे."

मी चावी काढून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, मला नाही जमणार, दुसरा माणूस बघ. तिने चावी परत माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "तुमच्याइतकं हळुवार कोणी चालवणार नाही. फक्त डाव्या पायाला या गाडीत काम नाही. तो ऐकत नसेल तर बांधून ठेवा."

ती हे रागाने बोलली की खरंच सुचवलं, मला माहीत नाही. पण मी बांधला. बागायतदार गळ्यात टाकतात तसला एक लांब रुमाल माझ्याकडे होता. डावा पाय मागे सरकवायचा, टाच सीटला लावायची, घोट्याला दोन वेढे घेऊन रुमाल सीटखालच्या लोखंडी पट्टीला गाठ मारून टाकायचा. मैदानात दहा वेळा करून बघितलं. पोरीला मुद्दाम समोर पळत आडवं यायला लावलं. डावा पाय प्रत्येक वेळी उसळी मारायचा आणि रुमालात अडकून तिथेच राहायचा. एकट्या उजव्या पायाने गाडी अशी थांबायची की डोळे मिटून बसलेल्याला थांबलेली कळू नये.

अँब्युलन्सच्या त्या खेपेनंतर पाच खेपा अशाच गेल्या. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी. या रस्त्याने मी किती वेळा गेलो असेन याची गणती नाही, पण त्यातला खड्डा न् खड्डा मी तेव्हा ओळखला. मागून हॉर्न मारायचे, शिव्या द्यायचे. मी, ज्याने आयुष्यभर पुढच्याला शिव्या दिल्या, मुकाट ऐकून घ्यायचो. बायको सीट मागे करून पट्टा बांधून पडलेली असायची, मान माझ्याकडे वळवलेली. तिच्या श्वासावर माझं लक्ष असायचं. धक्का लागला की तिचा श्वास नाकात अडकायचा. तिसऱ्या दिवशी जाताना एकदाही अडकला नाही.

"केळी राहतीस तं इतलं हळू चालवतात का तुम्ही?" ती म्हणाली.

"केळीले पाठ नही राहस," मी म्हटलं. ती हसली. हसल्यावर तिला दुखलं, म्हणून मी पुन्हा काही गमतीचं बोललो नाही. एवढा वेळ शेजारी बसून आम्ही पूर्वी कधी प्रवासच केला नव्हता. घरी पोचलो की ती माझा खांदा धरून, एकेक पाऊल टाकत, आपल्या पायाने संडासला जायची. मी दाराबाहेर उभा राहायचो. पाणी ओतल्याचा आवाज आला की मला बरं वाटायचं.

नासाडी झाली ती एका चहाच्या टपरीवर. सहाव्या दिवशी परत येताना पारोळ्याजवळ थांबलो. बायकोला गोळी घ्यायला कोमट पाणी हवं होतं. तिथे माझा जुना जोडीदार भेटला. एकाच ट्रकवर आम्ही सात वर्षं आलटून पालटून बसलो होतो. तो बोलायला खिडकीशी आला, आत वाकला आणि त्याला माझा पाय दिसला.

"काय भो," तो म्हणाला, "घरवालीनी दावं बांधी ठेवं का तुले?"

टपरीवरचे चारपाच जण बघायला आले. कोणी मोबाइल काढला. जोडीदार सांगत होता, हा माणूस एका दमात इंदूर गाठायचा आणि आता बघा याचे हाल. त्यात वाईट हेतू नव्हता, आम्ही एकमेकांची टर उडवतच जगलो. पण माझी कानशिलं तापली. मी पाणी तसंच टाकून गाडी काढली.

"हसू द्या त्यासले," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रुमाल बांधला नाही. मनाशी म्हटलं, पाच दिवस पाय एका जागी राहिला आहे, आता शिकला असेल. पण खरं कारण ते नव्हतं. कारण टपरीवरची ती माणसं होती. त्यांच्यापैकी एकही मला पुन्हा भेटणार नव्हता.

बायकोने पायाकडे बघितलं. "आज पाय?"

"आते गरज नही," मी म्हटलं. माझ्याशी वाद घालणं तिने संसाराच्या पहिल्या वर्षातच सोडलं होतं.

पाळधी मागे पडलं. आता गिरणेचा पूल आणि मग जळगाव, बहुतेक रस्ता झालाच होता. दुभाजकाच्या फटीतून एक मोटारसायकल आडवी आत शिरली. मागे बांधलेला चाऱ्याचा भारा एवढा रुंद, की त्याला आम्ही दिसलोच नसणार. अंतर चांगलं होतं. एकट्या उजव्या पायाने गाडी सहज थांबली असती. पण दोन्ही पाय गेले. डावा अशा जोराने गेला की माझंच ढुंगण सीटवरून उचललं.

मोटारसायकलवाला मागे न बघता निघून गेला. त्याला काही झालं नाही. मला काही झालं नाही. गाडीला ओरखडा नाही. बायको पट्ट्यात अडकून पुढे झुकली होती. ती ओरडली नाही. मी तिला धरून हळूच मागे टेकवलं. तिने डोळे उघडले, खाली बघितलं आणि विचारलं, "मना पाय कोठे गयात?"

पाय तिथेच होते. मी त्यांना हात लावून सांगितलं, हे काय, इथेच तर आहेत. तिला माझा हात कळत नव्हता.

पुढचा रस्ता मी कसा कापला ते मला आठवत नाही. दवाखान्यात स्ट्रेचर आलं, फोटो निघाले, डॉक्टर आले. मणका बसला होता. ते म्हणाले, तो कधीही बसू शकला असता, घरी कूस बदलतानाही. हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, म्हणजे मला धीर द्यायला सांगितलं. मुलगी शाळेतून धावत आली. आल्या आल्या तिने मला विचारलं, "आबा, पाय बांधला होता ना?"

स्ट्रेचरवरून बायको म्हणाली, "हाओ, बांधेल व्हता. मी दखं ना."

मी मूग गिळून उभा राहिलो. मुलगी आईच्या पायांपाशी गेली आणि ते चोळत बसली.

त्यानंतर बायको चार महिने जगली. पाय आले नाहीत. तिने जे एकच मागितलं होतं ते तिला मिळालं नाही. सगळं खाटेवर आणि सगळं माझ्या हातांनी. पहिल्या दिवशी मी तिला पुसत होतो तेव्हा तिने पदर तोंडावर ओढून घेतला. पुढे पुढे ओढायचं सोडून दिलं. एकदा तिला कुशीवर वळवताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, तू पोरीशी खोटं का बोललीस? शिव्या घालायच्या होत्यास मला, तिच्यासमोर घालायच्या होत्यास.

ती भिंतीकडे तोंड करून होती. म्हणाली, "ती तुमनासंगे बोलाव नही कधी. मना मांगे तुमले कोन शे?"

मी तिथेच बसून रडलो. तिने मागे हात करून माझा गुडघा थोपटला. तिला तेवढाच हात पोचत होता.

ती गेली. लोक आले, बसले, गेले. मुलगी दर शनिवारी यायची, डबे भरून ठेवायची, माझे कपडे धुवायची. मी बायकोने सांगितल्याप्रमाणे तोंड शिवून होतो. पण पोरीचं काहीतरी बिघडत चाललेलं मला दिसत होतं. तिने गाडी विकून टाकली. शाळेत रिक्षाने जायला लागली. डोळ्यांखाली काळं आलं. एका शनिवारी भांडी घासता घासता ती म्हणाली, "मीच दिली ना ती गाडी. गिअर पडताना झटका बसतो हे मला माहीत होतं. तरी हट्ट केला. अँब्युलन्सच बरी होती. माझ्या गाडीने आईचे पाय नेले."

मी म्हटलं, तसं काही नाही. ती म्हणाली, "तुम्ही माझी समजूत घालू नका, आबा. तुमचा पाय बांधलेला होता. मग राहिली काय, गाडीच राहिली."

तेव्हा मला कळलं की आम्ही नवराबायकोने हे गाठोडं आमच्या डोक्यावरून उतरवून पोरीच्या डोक्यावर ठेवलं होतं. बायकोला ते कळलं नव्हतं, ती माझी काळजी करत होती. मला तर सहज कळायला हवं होतं. मीही माझीच काळजी करत होतो.

पुढच्या आठवड्यात मी जळगावला गेलो. वर गेलो नाही, तिला खाली बोलावलं. मेहरूणच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या बिल्डिंगसमोर एक कट्टा आहे. तिथे मी तिला सगळं सांगितलं. टपरी, जोडीदार, लोकांचं हसणं, सकाळी न बांधलेला रुमाल, डावा पाय. गाडीत काही खोट नव्हती आणि तू शिकवलंस त्यातही नव्हती, हे दोनदा सांगितलं.

तिने फक्त एवढंच विचारलं, "आईला माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

"आठ महिने मला झोप नाही, आबा," ती म्हणाली. आवाज चढला नाही, डोळ्यात पाणी आलं नाही. मग उठली आणि जिना चढून गेली. तिन्ही मजल्यांवर तिच्या चपलांचा आवाज मी ऐकला, मग दार लागलं. मी शेवटच्या बसने धुळ्याला आलो.

त्याला आता चार महिने झाले. ती आलेली नाही, फोनही नाही. बायको म्हणाली होती अगदी तसंच झालं. मी स्वतःचं स्वतः करून खातो आणि तक्रार करायला मला तोंड नाही. जावई भला माणूस आहे, महिन्यातून एकदा फोन करतो, गोळ्या घेता का, जेवता का, विचारतो. परवा मी धीर करून विचारलं, ती कशी आहे. तो म्हणाला, "तुमचा विषय काढला की उठून जाते. पण आबा, झोपते आता. सकाळी हाका मारून उठवावं लागतं."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.